नोटरीची फारकत, दुसरं लग्न आणि विवाह शून्य ठरवण्याची याचिका: कलम ११, १२ की १३?

विधिमित्र_तालुका

विधी सेवा समितीकडे आलेल्या एका अर्जाबद्दल विचारतो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

लग्न ११ महिन्यांपूर्वी हिंदू पद्धतीने झालं, नोंदणीही झाली. मुलाच्या बायोडाटात 'प्रथमवर' लिहिलं होतं. चार महिन्यांपूर्वी मुलीला सासरच्या कपाटात एक फारकतपत्र सापडलं. स्टॅम्पपेपरवर मजकूर, खाली नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार आणि नवरा व त्याची पहिली बायको अशा दोघांच्या सह्या. त्यात 'आपला विवाह अमुक तारखेला झाला होता, आजपासून उभयतांचा संबंध राहिला नाही' अशा अर्थाचं वाक्य आहे. पहिल्या लग्नाबाबत कोर्टाचा कोणताही हुकूमनामा नाही. पहिली पत्नी हयात आहे. कागद सापडल्यावर मुलगी साधारण दोन आठवडे सासरी होती, मग दुसऱ्या जिल्ह्यात माहेरी आली. मूल नाही.

प्रश्न असे:

१. हे लग्न मुळातच शून्य आहे, की फसवणुकीमुळे रद्द होऊ शकणारं आहे?
२. याचिका माहेरच्या जिल्ह्यात चालेल का?
३. लग्नाला वर्ष झालेलं नाही, तरी दाखल करता येईल का?
४. सासरचे म्हणतात, 'दोघांच्या संमतीने रद्द करून टाकू, महिन्याभरात मोकळे.' असं होतं का?
५. लग्नच शून्य ठरलं तर पोटगीचं काय?

---

सनदधारक

पहिल्या प्रश्नावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये दोन वेगळे कप्पे आहेत. कलम ११ मध्ये फक्त तीन कारणं येतात: लग्नाच्या वेळी पहिला जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं आणि सपिंड नातं, म्हणजे ठरावीक पिढ्यांच्या आतलं रक्ताचं नातं. असं लग्न जन्मतःच शून्य असतं. कोर्ट ते मोडत नाही, ते कधी झालंच नव्हतं असं जाहीर करतं. कलम १२ चं लग्न मात्र कोर्टाने रद्द करेपर्यंत पूर्ण वैध असतं आणि ते रद्द करून मागण्याचा हक्क फक्त नवरा किंवा बायकोलाच आहे. त्याची कारणं चार: जाबदाराच्या (ज्याच्याविरुद्ध याचिका आहे त्याच्या) नपुंसकत्वामुळे संबंध न येणं, कलम ५(२) मधली मानसिक अवस्था, जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली संमती, आणि लग्नाच्या वेळी मुलगी दुसऱ्याकडून गरोदर असणं.

तुमच्या प्रकरणात पहिल्या नजरेला कलम ११ दिसतं. नोटरीचं फारकतपत्र म्हणजे घटस्फोट नव्हे. नोटरी सह्या खऱ्या असल्याचं सांगतो, लग्न मोडण्याचा त्याला अधिकार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण याच कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा घटस्फोट जपला आहे. आपल्याकडे अनेक समाजांत काडीमोडीची रीत होती आणि आहे. जाबदार कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, हमखास म्हणेल की आमच्या समाजात पंचांसमोर काडीमोड होते, हे फारकतपत्र त्याचंच आहे. ही रूढी सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. ती जुनी, अखंड आणि निश्चित आहे हे उदाहरणं व साक्षीदार देऊन दाखवावं लागतं. बहुतेकांना ते जमत नाही. पण समजा जमलं, तर पहिलं लग्न कायद्याने संपलेलं ठरतं, दुसरं वैध ठरतं आणि फक्त कलम ११ वर उभी केलेली याचिका कोसळते.

त्यामुळे मागणी थरांनी करा. मुख्य मागणी कलम ११ खाली. ती नाकारली गेल्यास पर्यायाने १२(१)(क), म्हणजे फसवून घेतलेल्या संमतीच्या कारणाखाली, कारण पहिलं लग्न संपलेलं असलं तरी ते लपवून 'प्रथमवर' म्हणवून घेणं ही जाबदाराबाबतच्या महत्त्वाच्या बाबीची फसवणूक आहे. तिसरा पर्याय कलम १३ चा घटस्फोट.

आता मुदत. कलम ११ ला मुदत नाही. १२(१)(क) ला आहे आणि ती कडक आहे: फसवणूक कळल्यापासून एक वर्ष. लग्नापासून नव्हे, कळल्यापासून. इथे चार महिने गेले, आठ उरले. पर्यायी मागणी नंतर दुरुस्ती अर्जाने घालू म्हणून ठेवली आणि वर्ष उलटलं की वाद सुरू होतो. पहिल्याच दिवशी घाला.

दुसरी अट आणखी नाजूक. फसवणूक कळल्यावर अर्जदार पूर्ण संमतीने पती-पत्नी म्हणून राहिली असेल तर याचिका चालत नाही. ते दोन आठवडे जाबदाराचा वकील उलटतपासात काढणारच. 'पूर्ण संमतीने' हे शब्द तिथे मोलाचे आहेत. ती का थांबली, वेगळ्या खोलीत होती का, माहेरी पहिला फोन कधी केला, न्यायला कोण आलं, हे तारखांसह याचिकेतच लिहा. साक्षीच्या वेळी पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट मागाहून सुचल्यासारखी वाटते.

प्रश्न २: हो. कलम १९ मध्ये २००३ साली भर पडली आणि पत्नी अर्जदार असेल तर दाखल करण्याच्या दिवशी ती जिथे राहते तिथेही याचिका करता येते. कुटुंब न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे.

प्रश्न ३: कलम १४ ची एक वर्षाची अट घटस्फोटाला आहे, शून्यतेच्या याचिकेला नाही. ११ आणि १२ आजच दाखल करता येतात. तिसऱ्या पर्यायासाठी मात्र वर्ष पुरं व्हायला हवं किंवा असाधारण हालअपेष्टांच्या कारणावरून परवानगी मागायला हवी. इथे एकच महिना राहिला आहे, मुदतही आठ महिन्यांची हाताशी आहे. मी असतो तर तो महिना कागद जमवण्यात घालवला असता आणि वर्ष पूर्ण झाल्यावर तिन्ही मागण्यांसह एकच याचिका केली असती.

---

नव्याने_वाचणारा

थोडं वेगळं विचारतो. लग्न जन्मतःच शून्य असेल तर कोर्टात जायचंच कशाला? कायद्यानेच ते नाही. मुलीने सरळ दुसरं लग्न केलं तर काय अडचण?

---

सनदधारक

शून्य लग्नासाठी हुकूमनामा सक्तीचा नाही, हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. व्यवहारात ते फार महागात पडतं.

एक तर ते शून्य आहे हे ठरवलं कोणी? आज ती स्वतः म्हणते. उद्या नवऱ्याने काडीमोडीची रूढी सिद्ध केली तर तिचं पहिलं लग्न वैध, आणि मधल्या काळात तिने केलेलं लग्न शून्य. वर द्विविवाहाचा गुन्हा, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. ज्या कारणासाठी ती नवऱ्याविरुद्ध दाद मागते आहे त्याच कारणात ती स्वतः अडकेल.

दुसरं, नोंदणीचा दाखला तिच्या नावावर तसाच राहतो. लग्न वैध की अवैध हे ठरवणं निबंधकाचं काम नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं: कलम २५ ची कायम पोटगी कोर्टाचा हुकूमनामा असेल तरच मागता येते. हुकूमनामा नाही तर ते दारच उघडत नाही. 'कोर्टाची पायरी नको' हा सल्ला देणारे नातेवाईक हे कधी सांगत नाहीत.

---

शिरस्तेदार

कागदांबद्दल लिहितो. याचिका कुठे लंगडी पडते ते तिथे कळतं.

दुसऱ्या लग्नापेक्षा पहिल्या लग्नाचा पुरावा जड असतो. पहिलं लग्न विधिवत झालं होतं हेच सिद्ध झालं नाही तर कलम ११ उभं राहत नाही. १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका द्विविवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून शिक्षा रद्द केली होती. फौजदारी खटल्यात नुसती कबुली पुरत नाही. दिवाणी याचिकेत मात्र कबुलीला वजन आहे. म्हणून त्या फारकतपत्राकडे नीट बघा: 'आपला विवाह अमुक तारखेला झाला होता' हे जाबदाराने स्वतःच्या सहीने लिहून दिलं आहे. तो त्या कागदाने घटस्फोट दाखवू पाहील, पण त्याच कागदाने पहिलं लग्न कबूल होतं.

मूळ कागद तिच्या हाती नसेल, फक्त मोबाइलवर फोटो असेल, तर फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या. फोन बदलू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक फोन वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा सांकेतिक क्रमांक) त्यात लिहायची असते. कुटुंब न्यायालय पुराव्याच्या नियमांत काहीशी मोकळीक घेऊ शकतं, पण त्या भरवशावर प्रमाणपत्र टाळू नये. मूळ कागद हजर करण्याची नोटीस जाबदाराला द्या. त्याने नाही आणला तर दुय्यम पुराव्याची वाट मोकळी होते. ज्या नोटरीचा शिक्का आहे त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद असते. नोटरीला रजिस्टरसह साक्षीला बोलावता येतं.

याशिवाय:

- ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जाबदाराच्या नावाने शोध घ्या. पहिल्या पत्नीने पोटगीचा किंवा घरगुती हिंसाचाराचा अर्ज केला असेल तर त्यातली जाबदाराची कैफियत मिळवा. 'ती माझी पत्नी आहे, पण नांदत नाही' असं वाक्य त्यात अनेकदा सापडतं.
- तुमच्या पक्षकाराच्या लग्ननोंदणीच्या अर्जाची प्रमाणित नकल काढा. दाखल्याची नव्हे, अर्जाची. त्यात लग्नाच्या वेळची स्थिती सांगणारा रकाना असतो. तिथे 'अविवाहित' लिहून त्याने सही केली असेल तर फसवणुकीला याहून थेट पुरावा नाही.
- बायोडाटा कोणी, कोणाला, कधी पाठवला तो मूळ मेसेज. फॉरवर्ड करून आलेला नको, पहिला.
- पहिल्या लग्नाची पत्रिका, फोटो, त्या लग्नाला हजर असलेला एखादा माणूस. लग्न लावणारे गुरुजी मिळाले तर उत्तम.

सप्तपदीबद्दल एक गैरसमज आहे. कलम ७ म्हणतं, दोन्हींपैकी एका पक्षाच्या रूढीचे विधी. सप्तपदी त्या रूढीत असेल तरच ती अनिवार्य. बौद्ध पद्धतीच्या लग्नात सप्तपदी नसते, म्हणून ते लग्न झालंच नाही असं म्हणता येत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: १९ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही.

---

विधिमित्र_तालुका

मनापासून आभार. मूळ कागद सासरीच आहे, फोटो मुलीच्या फोनमध्ये आहेत. फोन जपायला आजच सांगतो. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाबद्दल कोणी लिहील का? सासरकडचे 'संमतीने' वर फार जोर देत आहेत.

---

माजघर

संमतीने शून्यता असा प्रकार कायद्यात नाही. संमतीचा घटस्फोट आहे, कलम १३ब, आणि त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. शून्यतेत कारण खरोखर अस्तित्वात आहे याची कोर्टाची खात्री पटली पाहिजे. जाबदाराने सगळं कबूल केलं तर काम लवकर होऊ शकतं, कबुलीवर हुकूमनामा देण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. पण कलम १२ च्या याचिकेत दोघांचं संगनमत नाही हे कोर्टाला बघावंच लागतं. दोघांनी ठरवून नपुंसकत्वाचं किंवा फसवणुकीचं खोटं कारण लिहून दिलं की न्यायाधीशांना पहिल्या दोन प्रश्नांत ते कळतं, आणि याचिका फेटाळली तर ते खोटं शपथपत्र कायमचं दप्तरी राहतं.

खरं कारण आणि कबुली एकत्र असतील तर मात्र अडून राहू नये. औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये एका तरुण जोडप्याचं लग्न सापेक्ष नपुंसकत्वावरून रद्द केलं. म्हणजे पुरुष इतरत्र सक्षम असेल, पण या जोडीदाराशी संबंध ठेवू शकत नाही. कुटुंब न्यायालयाने त्यात संगनमताची शंका घेऊन सुरुवातीलाच अर्ज नाकारला होता. उच्च न्यायालयाने तो निर्णय बदलला.

सासरच्यांचा 'महिन्याभरात' हा शब्द मला खटकतो. आधी पोटगी सोडल्याचं लिहून घ्यायचं आणि मग कबुली द्यायची, असा सौदा असू शकतो. मसुदा आला तर त्यात 'भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही' हे वाक्य आहे का ते पाहा. स्त्रीधनाची यादी, दागिने आणि लग्नाच्या खर्चाचं काय ते आधी ठरवा, सही नंतर.

पोटगी. इथे चित्र खरोखर बदललं आहे. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: कलम ११ खाली लग्न शून्य ठरलं तरी त्या जोडीदाराला कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते. मिळेलच असं नाही, कोर्ट दोघांचं वागणं आणि परिस्थिती बघेल. पण 'लग्नच शून्य, मग पोटगी कसली' हा युक्तिवाद आता संपला. कलम २४ ची अंतरिम पोटगीही लग्न वरकरणी शून्य दिसतं एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. अशा स्त्रीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या पूर्णपीठाने वापरलेले 'बेकायदेशीर पत्नी' यांसारखे शब्दही सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात स्पष्टपणे नापसंत केले. हे आवर्जून सांगते, कारण मसुद्यात आणि युक्तिवादात असे शब्द अजून वापरले जातात. तुमच्या अर्जात ते येऊ देऊ नका.

फौजदारी बाजूने पोटगी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १९८८ च्या निकालानुसार दुसऱ्या लग्नाची पत्नी त्यात बसत नव्हती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवून लग्न केलेल्या स्त्रीला त्यातून वाट दिली: ज्याने पहिलं लग्न लपवलं त्याला त्याच लपवण्याचा फायदा घेता येणार नाही. तुमचं प्रकरण नेमकं असंच आहे. ३० जानेवारी २०२५ चा आणखी एक निकाल आहे. त्यात स्त्रीचं स्वतःचं पहिलं लग्न कोर्टातून नव्हे, लेखी समझोत्याने सुटलेलं होतं आणि दुसऱ्या नवऱ्याला ते माहीत होतं. तरी तिला दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मिळाली.

अंतरिम पोटगीच्या अर्जासोबत दोघांचं मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र लागतं. तिचं शपथपत्र अर्जासोबतच जोडा, नाहीतर पहिल्या दोन तारखा त्यातच जातात.

आणि ती स्त्री आहे, त्यामुळे विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तुम्हाला हे ठाऊकच असेल, वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं. हेल्पलाइन १५१००.

---

उंबरठा

याच धाग्यात विचारते. लग्नाआधीचा मानसिक आजार लपवला असेल तर तेही कलम १२ मध्ये येतं ना? निदानाची फाइल हाती असेल तर पुरेसं आहे का?

---

सनदधारक

येतं, पण फाइल पुरेशी नाही. बहुतेक याचिका इथेच हरतात.

कायदा आजाराचं नाव विचारत नाही, त्याची तीव्रता विचारतो. लग्नाच्या वेळी संमती देण्याची क्षमता नव्हती, किंवा आजार अशा स्वरूपाचा होता की ती व्यक्ती विवाहाला आणि अपत्य होण्याला अयोग्य होती, किंवा वेडाचे झटके वारंवार येत होते, असं दाखवावं लागतं. पूर्वी यात अपस्मारही होता, १९९९ मध्ये तो काढला. आजही काही जण फिट येतात म्हणून याचिका करायला निघतात, त्यांना ते कारण उपलब्ध नाही. गोळ्या चालू आहेत, नोकरी करते, घर सांभाळते अशा व्यक्तीचं लग्न केवळ निदानावरून रद्द होत नाही, आणि होऊही नये.

दुसरी वाट १२(१)(क) ची: आजार महत्त्वाची बाब होती आणि ती मुद्दाम लपवली. तिथे आजाराच्या तीव्रतेइतकाच प्रश्न लपवण्याचा असतो. लग्नाआधी विचारणा झाली होती का, काय उत्तर मिळालं, औषधं कोणत्या नावाने चालू होती. मुदतीचा तोच नियम, कळल्यापासून एक वर्ष.

वैद्यकीय तपासणीचा आदेश कोर्ट देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं आहे. मात्र अर्जदाराकडे आधी सबळ प्राथमिक पुरावा हवा. आदेश होऊनही समोरच्याने तपासणी नाकारली तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. डॉक्टरांनी साक्षीला यायला हवं. नुसतं प्रिस्क्रिप्शन निशाणीवर घेतल्याने काही सिद्ध होत नाही.

---

बांधावरून

या प्रकरणात मूल नाही, पण धागा इतरही वाचतील म्हणून मुलांच्या हक्काचं लिहितो. गावाकडे याबद्दल सगळ्यांत जास्त चुकीचं सांगितलं जातं.

लग्न शून्य असलं तरी त्यातलं मूल कलम १६ मुळे औरसच असतं, आणि त्यासाठी हुकूमनामा झालेला असण्याचीही गरज नाही. मुलाला आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा आहे, इतर नातेवाइकांच्या नाही. वडिलोपार्जित जमिनीचा घोळ बरीच वर्षं होता. १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने तो सुटला. असं मूल जन्माने एकत्र कुटुंबाचं सहदायाद, म्हणजे जन्मसिद्ध हिस्सेदार, होत नाही, पण वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यात त्याला हिस्सा आहे.

आकड्यात बघा. वडिलोपार्जित नऊ एकर. वडील, वैध पत्नी, तिचा एक मुलगा, आणि शून्य लग्नातलं एक मूल. वडील मृत्युपत्र न करता वारले. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं मानायचं: वडील तीन, पत्नी तीन, मुलगा तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर त्यांच्या वारसांत समान: पत्नी एक, मुलगा एक, शून्य लग्नातलं मूल एक. म्हणजे पत्नी चार, तिचा मुलगा चार, हे मूल एक एकर. दुसऱ्या स्त्रीला वारस म्हणून काहीच नाही. तिचा हक्क पोटगीचा, आणि तो तिने हयातीतच बजावून घ्यायला हवा. तलाठ्याकडे वारस नोंद लावताना हे मूल गाळलं जातं, तेव्हा हरकत वेळेत घ्या.

निषिद्ध नात्याचंही दोन ओळींत. आते-मामे भावंडांचं लग्न कायद्याच्या व्याख्येप्रमाणे निषिद्ध नात्यात येतं. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं ते रूढीच्या अपवादामुळे टिकतं. वाद झाला तर त्या समाजात ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. सगोत्र लग्नाला मात्र काहीही अडथळा नाही.

---

शिरस्तेदार

पहिल्या पत्नीबद्दल कोणी लिहिलं नाही. तिला नवऱ्याचं दुसरं लग्न शून्य जाहीर करून हवं असेल तर ती कलम ११ ची याचिका करू शकत नाही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ती याचिका त्या लग्नातल्या एका पक्षाने दुसऱ्या पक्षाविरुद्धच करायची असते. पहिल्या पत्नीने कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ खाली विवाहाच्या वैधतेबाबत घोषणेचा दावा करायचा. चुकीच्या कलमाखाली दाखल होऊन दोन-दोन वर्षांनी परत आलेली प्रकरणं याच कारणाने असतात.

आणि पहिल्या पत्नीला नंतर रीतसर घटस्फोट दिला, किंवा ती नंतर वारली, म्हणून मधलं दुसरं लग्न वैध होत नाही. लग्नाच्या दिवशी काय स्थिती होती तेच बघतात. दोघांना खरंच एकत्र राहायचं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा आणि अपिलाची मुदत पार पडल्यावर पुन्हा विधिवत लग्न, हाच उपाय.

---

विधिमित्र_तालुका

शेवटचा प्रश्न. हुकूमनामा झाला की लगेच ती लग्न करू शकते का? आणि किती वेळ लागेल असं सांगू?

---

माजघर

अपिलाची मुदत जाऊ द्या. कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस असा गोंधळ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांची मुदत लागू धरली आहे. म्हणून ९० दिवस, अधिक नकलेसाठी लागलेले दिवस. ते संपल्यावर ई-कोर्ट्सवर अपील दाखल नाही याची खात्री करा.

वेळेबद्दल: कायदा म्हणतो, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. पक्षकाराला तो आकडा सांगू नका. वेळ खातात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: समन्स न बजावता परत येणं, कैफियत उशिरा येणं, समुपदेशकाकडे हजर न राहणं. पहिल्यावर उपाय तुमच्या हाती आहे. जाबदाराचा घरचा आणि कामाचा असे दोन्ही पत्ते याचिकेत द्या आणि बेलीफासोबत ओळख पटवायला माणूस पाठवा. समुपदेशकाकडे तिने प्रत्येक तारखेला जावं. तिथे नांदायला जाण्याची सक्ती नसते, 'त्याचं पहिलं लग्न अजून कायम आहे' एवढं शांतपणे सांगितलं तरी अहवाल तसा जातो.

सुनावणी बंद दालनात होते आणि कामकाज छापणं कलम २२ प्रमाणे मनाई आहे. हे तिच्या आईवडिलांना आधीच सांगा. अर्ध्या मुली याच भीतीने मुदत घालवतात.

नकल किमान तीन प्रती काढा, हुकूमनामा आणि निकालपत्र दोन्हींच्या. हुकूमनाम्यात लग्नाची तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं नोंदणीच्या दाखल्याप्रमाणेच आहेत का ते खिडकीवरच वाचून घ्या. नावात एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच द्या, पासपोर्टच्या वेळी नव्हे.